धारेमागची जाडी आधी मोजा

प्रश्न

नमस्कार सर,

मी नाशिकच्या सिडकोत राहतो, वय ३१. ट्रेकिंग करता करता घडीच्या चाकूंचं वेड लागलं आणि ते वाढतच गेलं. आमचा पाच जणांचा गट आहे. महिन्यातून एकदा भेटतो, एकमेकांचे चाकू उघडून-मिटून बघतो आणि कंपन्यांच्या नावाने बोटं मोडतो. गटातल्या एकाचा अंबडला जॉबवर्कचा छोटा कारखाना आहे. तो परवा वैतागून म्हणाला, "कंपन्यांनी काय सुधारायला हवं ते एकदा कागदावर द्या, मी ५० नग काढून दाखवतो."

आम्ही यादी केली, १९ मागण्या निघाल्या. एम-३९० किंवा मॅग्नाकट पोलाद, टायटॅनियमची मूठ, बेअरिंगवर फिरणारं ४ मिलिमीटर जाड पातं, बोटाने झटक्यात उघडणारा फ्लिपर, काळं कोटिंग, काच फोडायचं टोक, खिशात खोल बसणारी क्लिप, डावखुऱ्यांची सोय, लहान लोगो, सहज निघणारे स्क्रू, सुटे भाग, धार लावायला सोपं पातं, वगैरे वगैरे. आता गटात रोज वाद होतात, कारण प्रत्येकाला आपली मागणी प्राणाहून प्रिय. वडील म्हणतात, रविवार कारंजावर ५० रुपयांत चाकू मिळतो, तुमचा तीन हजारांचा घेणार कोण? आईची धास्ती वेगळीच, पोलिसांनी खिशात बघितला तर? यातलं काय ठेवावं आणि काय काढावं?

— चाकूवेडा, सिडको

उत्तर

तुमची यादी दोन पेनं घेऊन वाचली. चाकू हातात पडतो त्या दिवशी सुख देणाऱ्या मागण्यांवर लाल खूण केली, आणि ज्यांचं मोल दुसऱ्या पावसाळ्यात कळतं त्यांच्यावर निळी. लाल ११ झाल्या, निळ्या ८. तुमच्या मित्राचे पैसे आणि मशिनचे तास निळ्यांवर लागले पाहिजेत. कंपन्या शोकेससाठी चाकू बनवतात ही तुमची तक्रार, आणि यादी मात्र तुम्हीही निम्म्याहून जास्त शोकेसचीच केलीत.

सुरुवात पोलादापासून करू, कारण तुमचे सगळ्यात जास्त वाद त्यावरच होत असणार. मॅग्नाकट हे लॅरिन थॉमस या अमेरिकी धातुशास्त्रज्ञाने तयार केलेलं पावडर स्टील, २०२१ मध्ये बाजारात आलं. गंजत नाही, चिवट आहे, धार छान धरतं, कौतुक खोटं नाही. पण याच थॉमस यांनी धार टिकण्याच्या यंत्रावर चाचण्या घेऊन हेही दाखवलं आहे की धारेचा कोन निमुळता केल्याने जो फरक पडतो तो पोलाद बदलून पडणाऱ्या फरकाला सहज मागे टाकू शकतो. म्हणजे महागडं पोलाद घेऊन त्याला जाड, बोजड धार दिली तर पैसे पाण्यात. तुमच्या यादीत पोलादाला पहिला नंबर आहे आणि कोनाचा उल्लेखच नाही.

शिवाय तुम्ही पातं ४ मिलिमीटरचं मागताय. कशाला? खिशातल्या चाकूने कोणी दार उचकटत नाही. तुमच्याकडचा एखादा जाड पात्याचा चाकू घ्या आणि कच्चं गाजर कापा. कट् असा आवाज येऊन तुकडा टुणकन उडाला तर पातं गाजर कापत नाही, पाचरीसारखं फोडतंय. धार कितीही तीक्ष्ण असली तरी तिच्या मागे येणारा जाड भाग फळाला, दोरीला, पुठ्ठ्याला अडतोच. ओपिनेलचा चाकू १८९० पासून फ्रान्सच्या साव्हा भागात बनतो आहे. त्याचं पोलाद साधं आणि मूठ बीच लाकडाची. ८ नंबरचं पातं दोन मिलिमीटरपेक्षाही पातळ असतं, त्यामुळे ते सफरचंदातून न अडता जातं. व्हिक्टोरिनॉक्सचं पोलाद साधारण ५६ एचआरसी (कठीणपणाचं रॉकवेल माप), तुमच्या गटात कोणी त्याला उभं करणार नाही. तरी सगळ्या जगाचे टोमॅटो त्या चाकूवर कापले जातात, तेही पातं पातळ आहे म्हणूनच.

म्हणून मित्राला पोलादाच्या नावाआधी एक आकडा द्या. धारेचा कोन जिथे सुरू होतो, त्याच्या जेमतेम वर पात्याची जाडी किती? बाजारातल्या कित्येक घडीच्या चाकूंमध्ये ती अर्ध्या मिलिमीटरच्या वर असते. तुम्ही ०.३ मागा. पाठीकडे २ ते २.५ मिलिमीटर, तिथून धारेपर्यंत सलग उतार, आणि धारेला दोन्ही बाजूंनी १७-१८ अंश. व्हर्निअर किंवा मायक्रोमीटरने टाचेजवळ (म्हणजे मुठीकडच्या बाजूला), मध्ये आणि टोकाजवळ अशा तीन ठिकाणी मोजायचं. बहुतेक चाकू टोकाकडे गुपचूप जाड होत जातात, आणि टोकानेच तर आपण पाकिटं फाडतो.

इथे वडिलांचं म्हणणंही मोकळ्या मनाने ऐका. कारंजावरचा ५० रुपयांचा चाकू पहिल्या आठवड्यात झकास कापतो, कारण त्याचं पातं पत्र्यासारखं पातळ असतं. नंतर तो बोथट होतो तो पोलाद मऊ म्हणून, आणि खिळखिळा होतो तो रिव्हेट ढिला पडतो म्हणून. तुमच्या चाकूने त्याचा पातळपणा घ्यायचा आणि त्याचे हे दोन दोष काढायचे. तीन हजार रुपये मागायला एवढं कारण मला पुरेसं वाटतं. टायटॅनियम मला पुरेसं वाटत नाही.

दोष काढायचे म्हणजे आधी हार्डनिंग, पोलाद तापवून कठीण करणं. शौकीन लोक कंपन्यांकडे वर्षानुवर्षं एक साधी गोष्ट मागत आलेत, की पात्यावर पोलादाचं नाव छापता तसा कठीणपणाचा आकडाही सांगा. बऱ्याच कंपन्या टाळतात, कारण एकच पोलाद ५६ वर ठेवलं तर एक चाकू होतो आणि ६१ वर ठेवलं तर अगदी वेगळा. या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात. अंबड-सातपूरला टूलरूमची वस्ती, डाय बनवणारे घरोघरी, त्यामुळे डी-२ हे डायचं पोलाद कोणाला समजावून सांगावं लागत नाही. व्हॅक्यूम फर्नेसमध्ये साधारण १०१० ते १०३० अंशांवर हार्डनिंग, मग २०० अंशांच्या आसपास दोनदा टेंपरिंग (ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवणं), की ५९-६१ एचआरसी मिळायला हरकत नाही. साध्या भट्टीचा मोह नको. दोन-अडीच मिलिमीटरच्या पत्र्याच्या कातडीतला कार्बन त्यात जळतो, आणि पातळ पट्टी वाकते ते वेगळंच. प्रत्येक पात्याच्या शेपटीवर, म्हणजे मुठीत झाकल्या जाणाऱ्या भागावर, रॉकवेलचा ठसा घ्या आणि आकडा डबीवर हाताने लिहा. इतकं केलंत तरी भल्याभल्यांच्या पुढे जाल.

आणि एक, जे यादीत कोणी लिहीत नाही. हार्डनिंग झाल्यावर धार काढताना पातं तापवू नका. टेंपरिंग २०० अंशांवर झालं असेल आणि बेल्टवर धारेची कड क्षणभर जरी त्याच्या वर गेली, तर तेवढी कड मऊ पडते. निळसर झाक दिसायच्या आधीच नुकसान झालेलं असतं. नव्या चाकूची धार लवकर जाते आणि घरी दोन-तीनदा दगडावर लावली की तोच चाकू सुधारतो, हा अनुभव तुमच्या गटातही कोणाला तरी आला असेल. दोष पुष्कळदा पोलादाचा नसतो, कारखान्यातल्या घाईचा असतो. ओल्या बेल्टवर, किंवा प्रत्येक फेरीला पाण्यात बुडवून धार काढायची.

आता डी-२ घ्यावं का? शहरात वापरायचा असेल तर बिनधास्त. पण तुमचा चाकू द्राक्षबागेत जाणार असेल, आणि नाशिकमध्ये तो तिथे जायलाच हवा, तर थांबा. डी-२ मध्ये क्रोमियम ११-१२ टक्के असतं, पण त्यातलं बरंचसं कार्बाइडमध्ये अडकून बसतं, त्यामुळे ते पुरतं स्टेनलेस नव्हे. द्राक्षाचा रस, लिंबू, कांदा यांनी डाग पडतात. त्याहून वाईट म्हणजे फवारणीचं मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण. निफाड-दिंडोरीकडचा कुठलाही बागायतदार सांगेल, मिश्रणात चुना कमी पडलाय का हे बघायला लोखंडी विळा किंवा चाकू बुडवतात आणि पात्यावर तांबूस थर चढला की आणखी चुना घालतात. मोरचूद लोखंडाला खातं ते असं. फवारणीच्या दिवसांत खिशात राहणाऱ्या चाकूला म्हणून खरं स्टेनलेस हवं. १४सी२८एन किंवा १२सी२७ चा पत्रा मिळाला तर उत्तम, नाहीतर ४४०सी. माझं मत विचाराल तर ५० पैकी ३० नग स्टेनलेसचे आणि २० डी-२ चे काढा.

एम-३९० वगैरे मंडळी मी नको म्हणतो त्याचं अजून एक कारण आहे. हा चाकू बोथट झाल्यावर जाणार कुठे? घरातल्या साध्या दगडावर, नाहीतर सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे. ज्या पोलादात व्हॅनेडियम भरपूर, त्यातले व्हॅनेडियम कार्बाइड ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या साध्या दगडापेक्षा कठीण असतात. तिथे डायमंडची पाटी लागते. तुमच्या पाच जणांकडे ती असेल. घेणाऱ्या पन्नास जणांकडे नसेल, आणि सहा महिन्यांनी ते म्हणतील की चाकूच खराब.

धार लावण्याचा विषय निघालाच आहे तर तुमची १४ नंबरची मागणी वर आणा. धार जिथे संपते आणि जाड टाच सुरू होते तिथे छोटी अर्धगोल खाच. कंपन्या ती दिसायला बरी नाही म्हणून गाळतात. मग दगड टाचेवर अडतो, शेवटचे तीन-चार मिलिमीटर कधी घासलेच जात नाहीत, आणि काही वर्षांत टाचेजवळ दाढेसारखा उंचवटा उरतो. वायरकट मशिनला ही खाच मारायला काहीच लागत नाही. खाच मोठीही नको, नाहीतर दोरी कापताना तीच अडकते. दीड मिलिमीटर त्रिज्या पुरे.

आता ज्या एका मागणीसाठी मी तुमची बाकीची १८ फाडायला तयार होईन, ती. चाकू मालकाला उघडता आला पाहिजे.

शौकीनांच्या सगळ्या गाऱ्हाण्यांत हे गाऱ्हाणं मला सर्वांत खरं वाटतं. चाकूत माती जाते, फळाचा चिकटा जातो, ट्रेकला पावसाचं पाणी जातं. तो खोलून पुसला नाही तर पिव्होट, म्हणजे पातं ज्यावर फिरतं तो सांधा, रखरखतो आणि आतून गंज चढतो. पण कंपन्या काय करतात? टी-६ मापाचे चिमुकले स्क्रू घालतात, त्यांवर लाल लॉकटाइट (स्क्रू जखडणारा गोंद) ओततात, आणि वर सांगतात की चाकू खोललात तर वॉरंटी गेली. पहिल्याच प्रयत्नात स्क्रूचं डोकं गोल होतं. तुमच्या मित्राला सांगा, सगळे स्क्रू एकाच मापाचे, टी-८. मालकाला एकच किल्ली पुरली पाहिजे. लॉकटाइट लावायचंच तर निळं, थेंबभर, आणि फक्त पिव्होटला. पिव्होटच्या पिनेला एका बाजूने चपटं करा आणि मुठीतलं भोकही तसंच ठेवा, म्हणजे स्क्रू फिरवताना पिन स्वतःभोवती फिरत बसणार नाही. आणि प्रत्येक डबीत दोन जादा स्क्रू, एक वॉशर जोडी. खर्च किती? चहा-वडापावचा. (परदेशी कंपन्यांकडे एक क्लिपचा स्क्रू मागितला तर पूर्ण चाकू पाठवा असं उत्तर येतं, हे तुमच्यापैकी कोणीतरी भोगलंच असेल.)

बेअरिंग काढून टाका. त्यावर पातं लोण्यासारखं फिरतं हे मान्य, पण त्या बारीक गोळ्यांमध्ये दिंडोरीची काळी माती एकदा शिरली की फिरणं सोडा, खरडणंच सुरू होतं. गोळ्यांचा भार ठिपक्याएवढ्या जागेवर येतो, वॉशरचा सगळ्या पृष्ठभागावर. फॉस्फर ब्राँझचे वॉशर घाला, कापून आणून लॅप करून, म्हणजे घासून सपाट करून घ्या, थोडं तेल. पहिले पंधरा दिवस जरा घट्ट वाटेल, नंतर मऊ होत जाईल. तुमच्या गटात एखादा नाराज होईल, होऊ द्या.

लॉकवर तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, फक्त "लायनर लॉक, अर्थात" असं. त्यात अर्थात काही नाही. चाकू बनवणाऱ्या मायकेल वॉकर यांनी आजच्या रूपातला लायनर लॉक (मुठीच्या आतली पट्टी सरकून उघडं पातं अडवते तो) आणला, ख्रिस रीव्ह यांनी त्याचीच जाड भावंडं मुठीच्या चौकटीत बसवली. बनवायला सोपा, उघडमिटीला झकास. पण मिटताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो, आणि हा लॉक उजव्या हातासाठीच घडलेला असतो. हल्ली आडव्या दांडीचा लॉक सगळीकडे दिसतो. दोन्ही हातांना चालतो हे खरं, पण त्याच्या आतल्या केसासारख्या तारेच्या स्प्रिंगा तुटतात ही तक्रार जुनी आहे. ५० नग काढणाऱ्याने त्या तारांच्या नादी लागू नये. माझी शिफारस पाठीवरचा लॉक, ज्याला १९६४ च्या सुमारास आलेल्या बक ११० या अमेरिकी चाकूने जगभर नेलं. मुठीच्या पाठीवर दाबायचं, पातं मिटायचं. डावखुऱ्यांची तुमची मागणी यातच आपोआप भागते. खाचेत कचरा साठतो, म्हणून ती खाच खालून उघडी ठेवा, पाणी मारलं की वाहून गेलं पाहिजे. लॉकची पट्टी आणि पात्याची शेपटी जिथे भिडतात तिथे फट राहिली तर पातं खाली-वर हलतं. मित्राच्या सरफेस ग्राइंडरची खरी परीक्षा तिथे आहे.

मुठीला टायटॅनियम नको म्हटलं, मग काय? तुमच्या दाराशीच आहे. स्विचगिअरच्या कारखान्यांमुळे आपल्याकडे ग्लास इपॉक्सी शीट आणि कापडी हायलम (कापड आणि रेझिनची कडक शीट) सहज मिळतं. परदेशी चाकूवाले हेच पदार्थ जी-१० आणि मायकार्टा म्हणून मिरवतात. कापडी हायलम ओल्या हातात जास्त धरून राहतं आणि वापराने त्याला रंग चढतो, माझी पसंती त्याला. दोन्ही कापताना धूळ फुफ्फुसात जाते, तेव्हा पाणी आणि मास्क दोन्ही. मूठ १० सेंटिमीटरच्या खाली नेऊ नका. आपल्याकडे कामाचे हात मोठे आणि राठ असतात, आणि कंपन्या सुंदर दिसावं म्हणून मूठ बारीक करतात हीसुद्धा शौकीनांची रास्त तक्रार आहे. कडा मारा. नुसती तिरकी (चेंफर) नव्हे, गोल.

क्लिपबद्दल मात्र मी तुमच्या गटाशी सहमत नाही. खिशाला क्लिप लावायची कल्पना स्पायडर्को या अमेरिकी कंपनीने १९८१ मध्ये रुजवली, पात्यातलं गोल भोकही त्यांनीच आणलं, आणि अमेरिकेत ते सोयीचं आहे. आपल्याकडे खिशाबाहेर चमकणारी क्लिप बघून बसमधला शेजारी सरकून बसतो. बागेत पायजमा किंवा ट्रॅकपँट, तिथे ती धरत नाही. क्लिपसाठी दोन्ही बाजूंना भोकं ठेवा, क्लिप डबीत सुटी द्या, ज्याला हवी तो लावेल. त्याऐवजी मुठीच्या शेवटी दोरीसाठी चांगलं मोठं भोक हवं. कलम बांधणारे चाकू दोरीने कमरेला बांधतात, खाली पडला तर गवतात सापडत नाही म्हणून.

कोटिंग, काच फोडणारं टोक, फ्लिपर, हे तिन्ही काढा. कोटिंग आळशी ग्राइंडिंग झाकतं आणि कापताना घासतं. काचेच्या टोकाने काच फुटेल तेव्हा फुटेल, खिशाचं अस्तर मात्र रोज फाटेल. फ्लिपरचं कारण आईंच्या प्रश्नात येतं.

आईंना सांगा, त्यांची धास्ती अनाठायी नाही, पण घाबरून जायचंही कारण नाही. शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्रांच्या यादीत येतात आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनलेली त्यातून वगळलेली आहेत. तुमचं पातं तीन-सव्वातीन इंचांचं, म्हणजे त्या मापाच्या जवळपासही नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त मनाई आदेश काढू शकतात, आणि नाशिकला सणावारांना, निवडणुकांना ते निघतात. त्या काळात चाकूच काय, काठी घेऊन फिरणंही अडचणीचं ठरतं. सिंहस्थ तोंडावर आहे, बंदोबस्त वाढणार. तेव्हा बागेत, ट्रेकला, कारखान्यात चाकू न्या, मेन रोडवर फिरताना घरी ठेवा. ओझरहून विमानाने जाताना तो केबिन बॅगेत राहिला तर गेलाच समजा.

आणि म्हणूनच झटक्यात उघडणारा, टक् आवाज करणारा चाकू मी बनवू देणार नाही. तो आवाज तुम्हाला संगीत वाटतो, समोरच्याला धमकी. दोन हातांनी, नखाच्या खाचेत बोट घालून उघडणारा चाकू अवजार दिसतो. ही सुधारणा भित्रेपणाची नाही. ब्रिटनमध्ये लॉक नसलेला, तीन इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकू कारण न सांगता बाळगता येतो, म्हणून स्पायडर्कोने तिथल्या ग्राहकांसाठी बिनलॉकचा यूके पेननाइफ काढला आणि त्याचे चाहते अमेरिकेतही झाले. व्हिक्टोरिनॉक्सचे कार्ल एल्सनर यांनी तर २०२४ मध्ये सांगितलं की अनेक देशांतले नियम बघता ते बिनपात्याच्या खिशातल्या अवजारावर काम करत आहेत. तुमच्या २० डी-२ नगांपैकी काही बिनलॉकचे, नुसत्या स्प्रिंगवरचे काढून बघा. शहरातल्या माणसाला तेच जास्त आवडतील असा माझा कयास आहे. फक्त नखाची खाच खोल आणि लांब करा. नख मोडणारी घट्ट स्प्रिंग ही कंपन्यांची आणखी एक खोड, तिला ताकद समजू नका.

पात्याचा आकार तुम्ही लिहिलेला नाही, त्यावरून भांडण झालेलं दिसत नाही, बरं झालं. सरळ धार, आणि पाठ उतरत येऊन टोकाशी मिळालेली. सरळ धार कोणालाही सपाट दगडावर लावता येते, फुगीर धारेच्या पात्याला हात वळवावा लागतो. स्टेनलेसच्या ३० मधले १० फक्त एका बाजूने घासलेल्या धारेचे काढा, खास कलमासाठी. ऑगस्ट-सप्टेंबरात डॉगरिज या द्राक्षाच्या खुंटावर पाचर कलम करताना काप सपाट आला नाही तर डोळा धरत नाही, आणि दोन्ही बाजूंनी घासलेल्या धारेचा चाकू लाकडात वाट शोधत तिरका जातो. या दहांतले तीन डावखुरे ठेवा. एका बाजूची धार हातागणिक बदलते, लॉकसारखी ती आपोआप भागत नाही.

लोगो लहान हवा, ही मागणी ठेवा. शेपटीवर टाका, म्हणजे मिटल्यावर दिसणारच नाही.

शेवटचं, तुमच्या मित्राला कागद द्याल तो कसा असावा त्याविषयी. तुमच्या यादीत "स्मूथ", "सॉलिड", "प्रीमियम फील" असे शब्द आहेत. टूलरूममध्ये हे घेऊन गेलात तर तो तुम्हाला चहा पाजून परत पाठवेल. घडीचे चाकू बनवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांपर्यंत शौकीनांचं म्हणणं पोहोचत नाही त्याचं निम्मं कारण हेच आहे. "पातं मध्यभागी हवं" याऐवजी "मिटल्यावर दोन्ही बाजूंची फट ०.२ मिलिमीटरच्या आत सारखी". "डळमळू नये" याऐवजी "पात्याचं टोक बोटाने ढकललं तर डायल गेजवर इतकीच हालचाल". "धार टिकावी" याऐवजी "५९ ते ६१, शेपटीवर मोजलेलं". ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालेल तो आकडा, टाका. आकडा लिहिता येत नसेल ती मागणी पुढच्या ५० साठी राखून ठेवा.

आणि ५० एकदम काढू नका. आधी पाच. एक कलम बांधणाऱ्याला द्या, एक हरिहर-साल्हेर करणाऱ्या कोणाला, एक पॅकिंग खात्यातल्या माणसाला जो दिवसभर पट्ट्या आणि पुठ्ठे कापतो, एक आईंना स्वयंपाकघरात. पाचवा वडिलांच्या हातात द्या आणि किंमत सांगू नका. गटातल्या कोणालाही नको, तुम्ही सगळे तो उघडून-मिटून बघत बसाल. पावसाळा सरेपर्यंत मागू नका. परत आले की आधी खोला, कुठे गंज, कुठे माती, कुठला स्क्रू ढिला, ते लिहून काढा, आणि टाचेची खाच किती झिजली तेही बघा. उरलेल्या ४५ चं ड्रॉइंग त्यानंतर.